रात्री तीन वाजता दार कोण हलवतंय? छोट्या धंद्याची वेबसाइट सांभाळायची कशी

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. आंब्याच्या माणसाला एप्रिलात जेवायलाही फुरसत नसते, त्यामुळे सकाळी सातला काकांचा फोन वाजला तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

"अगो, गुगलवर आपल्या बागेचं नाव टाकलं की चायनीज येतंय."

बघितलं तर चायनीज नव्हतं, जपानी होतं. बागेच्या नावाखाली नकली घड्याळं आणि लेडीज पर्सेसची शेकडो पानं. गंमत म्हणजे ब्राउझरमध्ये पत्ता थेट टाइप केला की साइट ठणठणीत दिसायची: पेटीचा भाव, डझनाचा भाव, कलमाखाली उभे असलेले काका. गुगलवरून आत शिरलं की मात्र पर्सेसचं दुकान. मालक स्वतःच्या साइटवर कधी गुगलवरून जात नाही, हे या लोकांना बरोबर ठाऊक असतं. आमच्याकडे या प्रकाराला 'जपानी कीवर्ड हॅक' म्हणतात आणि तो चांगला जुना आहे.

काकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कोणी केलं? त्या पलीकडच्या वाडीतल्यानं का?"

कोणीच नाही केलं, काका. कोणाला तुमचं नावसुद्धा माहीत नाही. भाड्याच्या नाहीतर चोरलेल्या सर्व्हरवर एक प्रोग्राम चालतो, त्याला बॉट म्हणतात; तो इंटरनेटवरचं प्रत्येक दार हलवून बघतो आणि जे उघडतं त्यात शिरतो. तुमचं उघडलं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं काम सोपं होतं, कारण वैऱ्यापासून घर राखणं वेगळं आणि कड्या हलवत जाणाऱ्यापासून राखणं वेगळं. दुसऱ्याला साधी कडी पुरते. फक्त ती सगळ्या दारांना लागते, मागच्या न्हाणीघराच्या दारालासुद्धा.

मी चिपळुणात बसून पस्तीसेक छोट्या धंद्यांच्या साइट्स सांभाळते. आंबेवाले, गुहागर-दापोलीकडचे होमस्टे, एक कोकम सरबतवाल्या ताई, दोन दवाखाने, एक फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. जवळपास सगळ्या वर्डप्रेसवर (साइट बनवायचं फुकट सॉफ्टवेअर), म्हणून खालचं बरंचसं वर्डप्रेसला धरून आहे. तुमचं दुकान शॉपिफायसारख्या, तयार ऑनलाइन दुकान भाड्यानं देणाऱ्या ठिकाणी असेल तर अपडेट आणि सर्व्हरची डोकेदुखी त्यांची. तुम्ही किल्ल्यांचा आणि फॉर्मचा भाग तेवढा नीट वाचा.

आधी लॉग उघडा

प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचे जास्तीचे तुकडे, टाकायच्या आधी हे करा, अगदी कंटाळा आला तरी. तुमच्या होस्टिंगला, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेला, सीपॅनल नावाचं नियंत्रणाचं पान असेल तर त्यात 'रॉ ॲक्सेस' नावाचं चिन्ह असतं. तिथून लॉगची, म्हणजे साइटवर कोण येऊन गेलं त्या नोंदींची, कालची फाइल उतरवून घ्या आणि साध्या नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्यांदा डोळे फिरतील. पण प्रत्येक ओळ म्हणजे एक खेप आहे: कुठल्या आयपी पत्त्यावरून, किती वाजता, काय मागितलं आणि सर्व्हरनं काय उत्तर दिलं.

गुहागरच्या होमस्टेवाल्या वहिनींना मी ही फाइल दाखवली होती. त्यांच्या साइटवर दिवसाला चाळीसेक माणसं येतात. रात्री तीन वाजून बारा मिनिटांनी एकाच पत्त्यावरून ओळीनं मागण्या: 'डब्ल्यूपी-लॉगिन', मग 'एक्सएमएल-आरपीसी', मग 'डॉट ईएनव्ही', मग 'पीएचपीमायॲडमिन', मग 'बॅकअप डॉट झिप'. सगळं चार सेकंदांत. वहिनी म्हणाल्या, "पण आमच्याकडे पीएचपीमाय का काय ते नाहीचे!" नाहीचे, आणि म्हणूनच प्रत्येक ओळीपुढे ४०४ आहे. बॉटला तुमच्याकडे काय आहे याच्याशी देणंघेणं नाही. तो यादी वाचत पुढे जातो.

४०४ म्हणजे 'असलं काही इथे नाही'. ते कितीही दिसले तरी झोप घालवू नका. ४०३ म्हणजे दारातून हाकलला. लक्ष ठेवायचं ते वेगळ्याच ठिकाणी. वर्डप्रेसच्या लॉगिन पानावर चुकीचा पासवर्ड टाकला की सर्व्हर २०० हे उत्तर देतो, म्हणजे तेच पान पुन्हा दाखवतो. पासवर्ड बरोबर असेल तर ३०२ देतो, म्हणजे पुढे आत पाठवतो. त्यामुळे लॉगिनच्या 'पोस्ट' ओळींपुढे (म्हणजे पासवर्ड भरून पाठवल्याच्या ओळी) हजार वेळा २०० दिसला तर कोणीतरी दार बडवतंय एवढंच. एकच ३०२ दिसला आणि त्या वेळी घरातलं कोणी लॉगिन केलेलं नसेल, तर हातातलं काम टाका. नव्या पोरांना मी हेच आधी शिकवते, कारण सगळे २०० बघून घाबरतात आणि ३०२ वरून नजर फिरवतात.

'बॅकअप डॉट झिप' हा शब्दही विसरू नका. साइट हलवताना कोणीतरी अख्ख्या साइटची झिप करून तिथेच ठेवतं आणि विसरतं. त्यात डेटाबेसचा, म्हणजे साइटचा मजकूर आणि ऑर्डरी ठेवणाऱ्या कोठाराचा, पासवर्ड असतो. बॉटला हे माहीत आहे. तुमच्या डेव्हलपरला माहीत असूनही तो विसरलेला असतो.

आणखी एक. "आमची साइट कालच सुरू झाली, अजून कोणाला सांगितलंही नाही" हे मी बरेचदा ऐकते. साइटला कुलपाचं चिन्ह मिळावं म्हणून जे एसएसएल प्रमाणपत्र काढतो, त्याची नोंद सार्वजनिक नोंदवहीत होते. ही पद्धत आहे आणि चांगल्या कारणासाठी आहे. पण बॉटही ती नोंदवही वाचत बसलेले असतात. नव्या साइटचं बारसं व्हायच्या आत दार हललेलं असतं. म्हणून साइट बनवायला घेतली त्याच दिवशी पासवर्ड पक्का करायचा, 'लाइव्ह झाल्यावर बघू' म्हणायचं नाही.

किल्ल्या कोणाकडे आहेत

सांगायला ओशाळं वाटतं, पण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना आपलं डोमेन कोणाच्या नावावर आहे हे सांगता येत नाही. एका मसाल्याच्या गिरणीचं डोमेन आधीच्या डेव्हलपरनं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. त्याचा धंदा बंद पडला, नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या न उघडलेल्या मेलबॉक्समध्ये साचल्या आणि एक दिवस डोमेन गेलं. पाकिटांवर छापलेला पत्ता आता दुसऱ्याच कोणाकडे उघडतो. हॅक वगैरे काही झालंच नव्हतं.

तेव्हा आज, अगदी आजच, तीन गोष्टी तपासा: डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर आहे का, होस्टिंगचं खातं तुमचं आहे का, आणि या दोन्हींचा पासवर्ड ज्या ईमेलवरून बदलता येतो त्या ईमेलला दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरचा कोडही लागतो) लावली आहे का. तो ईमेल ही तुमची मुख्य किल्ली. तो गेला की बाकीची कुलपं शोभेची. एसएमएसवर कोड येणं हे काहीच नसण्यापेक्षा बरं, पण ऑथेंटिकेटर ॲप त्याहून चांगलं. ॲप लावलं की 'बॅकअप कोड' म्हणून आठ-दहा आकडे मिळतात. ते कागदावर लिहून गॅसच्या पुस्तकात ठेवा. मी खरंच सांगते, आमच्याकडे ते तिथेच आहेत.

वर्डप्रेसच्या पासवर्डचं म्हणाल तर बागेचं नाव आणि पुढे १२३ हा पासवर्ड नाही. बॉट डोमेनच्या नावावरूनच अंदाज बांधतात: नाव, नाव १२३, नाव ॲट २०२४. शिवाय दुसऱ्या कुठल्या साइटवरून फुटलेले ईमेल-पासवर्ड जोडून बघतात, म्हणून एकच पासवर्ड चार ठिकाणी असेल तर तो चारही ठिकाणी गेला असं धरा. बिटवॉर्डनसारखा पासवर्ड मॅनेजर फुकट आहे; त्याला लांबलचक पासवर्ड बनवू द्या, तुम्ही लक्षात ठेवायची गरज नाही. आणि कृपा करून तो व्हॉट्सॲपच्या 'फॅमिली बिझनेस' ग्रुपवर टाकू नका. त्या ग्रुपमध्ये दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेला मुलगा अजून असतो.

युजरनेम लपवायच्या मागे मी फार लागत नाही. साइटच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून 'ऑथर बरोबर १' लिहिलं की बऱ्याच वर्डप्रेस साइट्स आपणहून मालकाचं युजरनेम दाखवतात. स्वतःच्या साइटवर करून बघा, करमणूक होईल. लपवता येतं, पण नाव कळल्यानं घर लुटलं जात नाही. किल्ली हलकी असली की लुटलं जातं. त्यापेक्षा ॲडमिनच्या लॉगिनवर दुहेरी पडताळणी लावा आणि पुतण्याला, दुकानातल्या मुलीला 'एडिटर' किंवा 'शॉप मॅनेजर'चं खातं द्या. ॲडमिन एक, फार तर दोन.

अपडेट: चालढकल इथेच नडते

काकांच्या साइटवर बॉट शिरला तो पुतण्यानं दोन वर्षांपूर्वी घातलेल्या एका स्लायडर प्लगइनमधून. "पण ते तर मी बंद करून ठेवलं होतं," असं तो म्हणाला. 'डीॲक्टिव्हेट' केलेल्या प्लगइनच्या फाइल्स सर्व्हरवर तशाच राहतात आणि बऱ्याचदा थेट पत्ता देऊन उघडता येतात. न लागणारं प्लगइन डिलीट करायचं. थीमचंही (साइटचं तयार रूप) तेच: वापरातली एक आणि वर्डप्रेसची एक साधी मूळ थीम ठेवा, बाकी काढा.

अपडेटला वेळ किती मिळतो? सप्टेंबर २०२० मध्ये 'फाइल मॅनेजर' नावाच्या प्लगइनमध्ये भोक सापडलं. सात लाखांहून जास्त साइट्सवर ते होतं. दुरुस्त आवृत्ती आली तेव्हा हल्ले आधीच चालू होते. त्याआधी २०१७ च्या जानेवारीत वर्डप्रेसच्याच ४.७ आवृत्तीत एक दोष निघाला, त्यातून कोणालाही लॉगिन न करता लेख बदलता येत होता. २६ जानेवारीला दुरुस्ती आली, १ फेब्रुवारीला दोष जाहीर झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत लाखो पानांवरचा मजकूर बदलला गेला होता. ज्यांच्याकडे आपोआप अपडेट चालू होतं त्यांना काही कळलंही नाही. 'सीझन संपला की करू' म्हणणाऱ्यांनी या तारखा लक्षात घ्याव्यात.

माझं मत सांगते, पटेल त्यानं घ्यावं: प्लगइनचं स्वयंचलित अपडेट सरळ चालू करा. ऑगस्ट २०२० पासून, म्हणजे ५.५ आवृत्तीपासून, ही सोय वर्डप्रेसमध्येच आहे. 'अपडेटनं साइट मोडते' ही भीती खोटी नाही. वर्षातून एखाद्या वेळी माझीही मोडते, आणि मी बॅकअपवरून अर्ध्या तासात परत आणते. हॅक झालेली साइट अर्ध्या तासात परत येत नाही. फक्त दुकानाचं आणि पेमेंटचं प्लगइन मी सीझनमध्ये हातानं करते, मंगळवारी दुपारी. शुक्रवारी संध्याकाळी कधीच नाही. शनिवारी होस्टिंगवाल्याचा माणूस फोन उचलत नाही.

वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची आवृत्तीही बघून घ्या. ७.४ ची सुरक्षा-दुरुस्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबली, तरी मला अजून तिच्यावर चालणाऱ्या साइट्स भेटतात. सीपॅनलमध्ये ती दोन क्लिकांत बदलते. आधी बॅकअप घ्या, मग बदला, मग साइटची पाचसहा पानं आणि एक ऑर्डर तपासा.

आणि 'सात हजारांची थीम एका मित्रानं फुकट दिली' हा प्रकार. कुलूप तोडून वाटलेली थीम म्हणजे चोरानं बसवून दिलेलं दार. फुकटच हवी तर वर्डप्रेसच्या अधिकृत यादीतली फुकट थीम घ्या, तिथे चांगल्या ढिगानं आहेत.

बॅकअप, आणि वाशिष्ठीचं पाणी

मी बॅकअपबद्दल इतरांपेक्षा जास्त हट्टी आहे, त्याला कारण आहे. माझ्या ऑफिसात भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती. त्या खुणेच्या वीतभर वर एक फळी मारून मी तीन हार्ड डिस्क ठेवल्या होत्या, सगळ्या ग्राहकांच्या बॅकअपच्या. फार हुशारी केली असं वाटायचं. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीनं ती फळीही घेतली आणि तिच्यावरचा पंखाही. चिखल काढायलाच आठवडा गेला. साइट्स वाचल्या, कारण त्या चिपळुणात नव्हत्या, मुंबईतल्या सर्व्हरवर होत्या. पण त्या आठवड्यात एखादी साइट हॅक झाली असती तर माझ्याकडे परत घालायला काहीही नव्हतं.

बॉटचा आणि पुराचा नियम एकच: जिथे साइट आहे तिथेच बॅकअप ठेवला तर दोन्ही एकदम जातात. सर्व्हरवर शिरलेला बॉट तिथलाच बॅकअप पुसू शकतो किंवा नासवू शकतो. त्यामुळे एक प्रत होस्टिंगवाल्याकडे, एक गुगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी आणि एक महिन्यातून एकदा उतरवून घरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क काम झालं की सोडवून ठेवायची. अपड्राफ्टप्लस या बॅकअप प्लगइनची फुकट आवृत्ती ड्राइव्हवर आपोआप पाठवते. डेटाबेस रोज, फाइल्स आठवड्याला. ऑर्डरी येणाऱ्या दुकानाला सीझनमध्ये डेटाबेस दर चार तासांनी.

किती जुने ठेवायचे? किमान दोन महिन्यांचे. काकांच्या साइटमध्ये बॉट शिरला तो फेब्रुवारीत आणि कळलं एप्रिलात. सात दिवसांचे बॅकअप असते तर सातही दिवस पर्सेसच निघाल्या असत्या.

तीन महिन्यांतून एकदा तो बॅकअप खरंच उघडतो का ते बघा, एका रिकाम्या सबडोमेनवर (आपल्याच पत्त्याआधी शब्द जोडून केलेला वेगळा पत्ता) टाकून. बघून झालं की ती प्रत काढून टाका. हे 'काढून टाका' मी का म्हणते ते पुढे येईल.

दारावर माणूस बसवणं

इथे लोक सगळ्यात आधी पैसे घालतात, मी सगळ्यात शेवटी येते. क्लाउडफ्लेअर ही साइटपुढे पहारा बसवणारी कंपनी; तिची फुकट योजना छोट्या धंद्याला पुरते. डोमेनचे नेमसर्व्हर (साइटचं नाव टाकलं की कुठे जायचं ते सांगणारे) त्यांच्याकडे वळवायचे, मग येणारा-जाणारा आधी त्यांच्या दारातून येतो. फुकट योजनेत स्वतःचे पाच नियम लिहिता येतात. माझा पहिला नियम ठरलेला: मागितलेला पत्ता वर्डप्रेसच्या लॉगिनचा असेल आणि देश भारत नसेल तर 'मॅनेज्ड चॅलेंज', म्हणजे 'तू माणूस आहेस का' ही तपासणी. सरळ 'ब्लॉक' करत नाही, कारण काकांचा मुलगा दुबईहून भाव बदलतो. दुसरा नियम 'एक्सएमएल-आरपीसी' (बाहेरच्या ॲपना साइटशी बोलायचं जुनं दार) पूर्ण बंद, फक्त जेटपॅक प्लगइन किंवा वर्डप्रेसचं मोबाइल ॲप वापरत असाल तर सोडून. अख्ख्या 'डब्ल्यूपी-ॲडमिन'वर मात्र तपासणी लावू नका. त्यात 'ॲडमिन-एजॅक्स' नावाची एक फाइल आहे, ती साध्या ग्राहकाचं पानसुद्धा वापरतं. ती अडली की बुकिंगचं कॅलेंडर गोल गोल फिरत बसतं.

माझा गाढवपणाही सांगून टाकते. सुरुवातीच्या काळात एका होमस्टेच्या साइटवर मी भारताबाहेरून येणारं सगळंच बंद केलं होतं. लॉग कसा स्वच्छ दिसू लागला! महिनाभरात साइट गुगलवरून गळायला लागली. गुगलचा स्वतःचा बॉट बहुतेक वेळा अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो. मी त्यालाच हाकलत होते. वर कॅनडातल्या एका कुटुंबाला मे महिन्याचं बुकिंग करायचं होतं, त्यांनी शेवटी शेजारच्यांकडे केलं. वहिनींनी मला काही सुनावलं नाही, नुसता चहा दिला. ते जास्त लागलं.

साइटच्या आत वर्डफेन्स या सुरक्षा प्लगइनची फुकट आवृत्ती चालेल. तिला फायरवॉलचे (येणाऱ्या मागण्या चाळणाऱ्या भिंतीचे) नवे नियम पैसे भरणाऱ्यांपेक्षा तीस दिवस उशिरा मिळतात, हे माहीत असू द्या. म्हणूनच ती अपडेटची जागा घेत नाही. एकावर एक तीन सुरक्षा प्लगइन लावणारे भेटतात. ते एकमेकांच्या पायात येतात, साइट संथ होते आणि मालक निर्धास्त होतो. एक पुरे. लॉगिनला पाच चुकांनंतर थोडा वेळ बंदी, बस्स.

दोन गोष्टी होस्टिंगवाल्याकडून करून घ्या. 'अपलोड्स' फोल्डरमध्ये पीएचपी फाइल चालता कामा नये. तिथे फोटो आणि पीडीएफ असतात, प्रोग्राम असायचं कारणच नाही. काकांच्या 'अपलोड्स'मध्ये २०१९ च्या फोल्डरात, हापूसच्या फोटोंच्या मधोमध एक पीएचपी फाइल बसली होती, नावही फोटोसारखंच. आणि ॲडमिनमधला 'थीम फाइल एडिटर' बंद करायला सांगा. 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' या सेटिंगच्या फाइलमध्ये एका ओळीचं काम आहे. मग पासवर्ड गेला तरी त्या एडिटरमधून थेट कोड लिहिता येत नाही.

फॉर्म: न शिरताही नुकसान

सगळेच बॉट आत शिरायला येत नाहीत. एका दुकानाच्या साइटवर मोबाइल ओटीपीनं लॉगिन होतं. एका रात्री बॉटनं तो फॉर्म हजारो नंबरांवर चालवला, आणि सकाळी एसएमएसचं पाकीट रिकामं. साइट सुरक्षित होती, पैसे गेले. ओटीपीच्या फॉर्मला कॅप्चा, म्हणजे माणूस की बॉट ही तपासणी, लावा (क्लाउडफ्लेअरचा टर्नस्टाइल फुकट आहे आणि ग्राहकाला ट्रॅफिक सिग्नल ओळखत बसवत नाही), एका नंबरला तासाला तीनपेक्षा जास्त ओटीपी नाहीत आणि एसएमएसवाल्याकडे दिवसाची कमाल मर्यादा.

परदेशी कार्डं घेत असाल तर आणखी जपा. आपल्याकडच्या कार्डाला ओटीपी लागतो, पण बाहेरच्या बऱ्याच कार्डांना लागत नाही. चोरलेली कार्डं चालतात का हे तपासायला बॉट छोट्या दुकानात छोट्या ऑर्डरी टाकतात. एका रात्रीत दीडशे फसलेली पेमेंट्स दिसली तर ते ग्राहक नव्हेत. चेकआउटला कॅप्चा, किमान ऑर्डरची रक्कम, आणि दुबई-अमेरिकेला माल पाठवत नसाल तर पेमेंट गेटवेला (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी कंपनी) सांगून परदेशी कार्डं बंदच.

होमस्टेवाल्यांना एक कळकळीची विनंती. पाहुण्यांचं आधार कार्ड वेबसाइटच्या फॉर्ममधून मागवू नका. साधे फॉर्म ते 'अपलोड्स' फोल्डरमध्ये टाकतात आणि पत्ता कळला तर कोणालाही दिसतं. मी एका साइटवर दोन वर्षांची आधार कार्डं अशी उघड्यावर पडलेली बघितली आहेत. पाहुणा दारात येईल तेव्हा बघा, नोंद करा.

आणि शिरलेच तर

आधी काही पुसू नका. हे सगळ्यात अवघड, कारण हात शिवशिवतात. साइट 'मेंटेनन्स'वर टाका आणि आहे तशी अख्खी उतरवून घ्या, लॉगसकट. बॉट कुठून आला हे त्यातूनच कळणार आहे. ते कळलं नाही तर तुम्ही झाडून काढलेलं घर पुन्हा त्याच दारातून भरेल.

मग किल्ल्या: होस्टिंग, एफटीपी (सर्व्हरवर फाइल्स चढवायचं खातं), डेटाबेस, वर्डप्रेस, सगळ्यांचे पासवर्ड. 'डब्ल्यूपी-कॉन्फिग'मध्ये गुप्त अक्षरांच्या आठ ओळी असतात, त्या बदला. आत बसलेला प्रत्येक जण आपोआप बाहेर पडतो. वर्डप्रेसच्या मूळ फाइल्स आणि प्लगइन्स नव्यानं उतरवून टाका, जुन्या 'साफ' करत बसू नका. युजरच्या यादीत अनोळखी ॲडमिन आहे का बघा. 'एचटीॲक्सेस' फाइल बघा, येणाऱ्याला कुठे वळवायचं ते तिच्यात लिहिलेलं असतं. आणि गुगल सर्च कन्सोल (गुगलवर आपली साइट कशी दिसते ते मालकाला दाखवणारं पान) उघडून मालकांच्या यादीत कोणी नवखा जीमेल पत्ता आहे का ते बघा. जपानी प्रकारात बॉट स्वतःला साइटचा मालक म्हणून तिथे घालून घेतो. काढताना त्याची पडताळणीची फाइलही सर्व्हरवरून काढा, नाहीतर तो परत मालक होतो.

हे सगळं मी काकांसाठी दोन दिवसांत केलं. तिसऱ्या दिवशी पर्सेस परत आल्या.

डोकं बाजूला ठेवायची वेळ आली होती. मग रात्री होस्टिंगचे फोल्डर एकेक करून उघडत बसले, तेव्हा 'न्यू-टेस्ट' नावाचं एक सापडलं. आधीच्या डेव्हलपरनं २०१८ मध्ये साइटची एक प्रत करून बघितली होती, ती तशीच तिथे. कोणी उघडत नाही, कोणी अपडेट करत नाही, पण सर्व्हरवर जिवंत. मी पुढची खोली धुऊन काढत होते आणि बॉट मागच्या खोलीत पाय पसरून बसला होता. ते फोल्डर काढलं, पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं, आणि मग राहिलं. एका होस्टिंगवर पाच साइट्स असतील तर त्या पाचांतली सगळ्यात दुर्लक्षित साइट ही तुमची खरी सुरक्षा-पातळी.

शेवटी सर्च कन्सोलच्या 'सिक्युरिटी इश्यूज'मधून गुगलला फेरतपासणीची विनंती करायची. जपानी पानं यादीतून जायला काही आठवडे लागतात. तोवर काकांनी ऑर्डरी व्हॉट्सॲपवर घेतल्या. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा, पहिले काही तास महत्त्वाचे असतात. ग्राहकांचा डेटा गेला असेल तर सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, कळवावं लागतं. त्यांच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत मुदत सहा तासांची आहे, आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे. बरेच होस्टिंगवाले लॉग महिनाभरात पुसतात. सीपॅनलच्या 'रॉ ॲक्सेस' पानावरच लॉग साठवून ठेवायचा पर्याय असतो, आधी तो चालू करून या.

काकांच्या साइटचा कालचा लॉग आत्ता समोर उघडा आहे. लॉगिनवर सहाशे चाळीस प्रयत्न, सगळे २००. एकच ३०२, पहाटे साडेपाचचा, दुबईहून. मुलाला मेसेज टाकून विचारलं. तोच होता, पेटीमागे पन्नास रुपये वाढवले म्हणाला.